तिरक्या पायांचा स्टँड

३ फेब्रुवारी

धाकटे,

आशीर्वाद देते. नको असले तरी ठेवून घे. आशीर्वाद परत पाठवायची सोय पोस्टात नसते, हवं तर तुझ्या पोस्टमास्तरांना विचार. निवृत्त झाले असले तरी एवढं आठवत असेल.

तुला पत्र लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि तू गेल्यापासून आजवर ते पाळलंही. त्यामुळे हे पत्र आहे असं समजू नकोस, कामाचा कागद आहे. समोरची शेजारीण तुझ्या गावी भाचीकडे जाऊन आली, तेव्हा तुझ्याकडेही डोकावली म्हणे. तुझ्याबद्दल काहीबाही सांगत होती, मी मुळीच लक्ष दिलं नाही. खोकला गेला ते बरं झालं. पण एक गोष्ट कानावर पडली ती पडलीच. बाबांचा रेकॉर्ड प्लेअर तू जमिनीवर ठेवलायस. सुटकेसवर! आणि वर चहाचा कप!

अगं, बाबांनी त्या प्लेअरला कधी जमीन दाखवली नाही. आपल्याला त्याच्याजवळ जायचं तर हात धुऊन जावं लागायचं. त्याचा तो बुटका लाकडी स्टँड आठवतो ना, खाली निमुळत्या होत गेलेल्या तिरक्या पायांचा? तेव्हा सगळ्याच फर्निचरला तसे पाय असायचे, कोचाला, टीपॉयला, रेडिओच्या टेबलाला. वाळवीनं खाल्ला नसता तर तोही तू काखोटीला मारून नेला असतास. प्लेअर तू नेलास, रेकॉर्डी माझ्याकडे राहिल्या. ताट तुझ्याकडे आणि जेवण माझ्याकडे, दोघी उपाशी.

तर मी तसाच स्टँड करणार आहे. स्वतः. तुझ्यासाठी नाही, गैरसमज नको, प्लेअरसाठी. मला सुतारकाम येत नाही असं म्हणशील. जिला कापड कापता येतं तिला लाकूडही कापता येतं, फक्त कात्री बदलायची.

प्लेअरची रुंदी, खोली आणि उंची कळव. बाकी एक अक्षर लिहायची गरज नाही. तू कशी आहेस हे मी विचारणार नाही, मी कशी आहे हे तू विचारू नकोस.

नाइलाजानं तुझीच,
ताई

ता. क. दुकान झकास चाललंय. शिवणातून मान वर करायला फुरसत नाही.


१० फेब्रुवारी

ताई,
रुंदी सतरा इंच. खोली चौदा. उंची सहा.
धाकटी


१५ फेब्रुवारी

धाकटे,

कार्ड मिळालं. तीन आकडे! एवढ्या मोठ्या कार्डावर तीन आकडे लिहायला तुझा हात दुखला नाही ना? मी अक्षर लिहू नकोस म्हटलं म्हणून तू खरोखरच लिहिलं नाहीस. आयुष्यात माझं पहिल्यांदा ऐकलंस आणि तेही नको तिथं.

असो. काम सुरू झालंय. दुकानात गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या जुन्या मासिकांत एका खोलीचा फोटो सापडला, त्यात हुबेहूब बाबांचा होता तसा स्टँड आहे. वर प्लेअर बसेल असा कठड्याचा खण, खाली रेकॉर्डी उभ्या लावायचा कप्पा आणि ते चार पाय. आधी मी कागदावर कटिंग काढलं, आपण कोटाचं काढतो तसंच. मागच्या गल्लीतला सुतार बघायला आला. म्हणाला, "मावशी, लाकडाला कोणी असा कागद लावून कापत नाही." मी म्हटलं, "म्हणूनच तुझी कपाटं अशी बसतात." तेव्हापासून तो मला करवत, रंधा आणि पटाशी वापरायला देतो, फक्त मी वापरताना समोर उभा राहतो. हत्यारांच्या काळजीनं असेल.

रेकॉर्डींचा कप्पा करायचा म्हणून एक रेकॉर्ड मोजली. सगळे म्हणतात, मोठी रेकॉर्ड बारा इंची. मी मोजली, चांगली तेरा भरली! म्हणजे बाबांच्या काळात कंपन्या पदरचा एक इंच घालून द्यायच्या. आता कोण देतंय?

लाकडाची चौकशी तू केलेली नाहीस, तरी सांगते. आहे एक जुनं सागवान, पडून होतं. त्याची तुला काळजी नको.

दुकानाचं म्हणशील तर काम भरपूर आहे, पण एक विचित्र गोष्ट झालीय. सगळं गाव रोडावलंय. खरंच सांगते. नोव्हेंबरपासून जो कपडा शिवावा तो सैल. शाळेच्या बाईंचा ब्लाउज सैल, दवाखान्यातल्या कंपाउंडरचा शर्ट सैल, बेकरीवाल्याचा कोट त्याच्या अंगावर नुसता टांगल्यासारखा. आणि बेकरीवाला म्हणजे काय, तू बघितलायसच. मी प्रत्येकाला विचारते, "तब्येत बरी आहे ना? जेवण जातंय ना?" लोकांना राग येतो. बेकरीवाला तर म्हणाला, "माझी तब्येत ठणठणीत आहे, तुमचीच तपासून घ्या." चोराच्या उलट्या बोंबा! माप मीच घेतलं, मीच लिहिलं, टेबलाच्या कडेला ठोकलेल्या इंचांच्या पितळी पट्टीवर मीच कापलं. तू होतीस तेव्हा लिहिणं-कापणं तुझ्याकडे असायचं, तरी तक्रार नव्हती. आता सगळं एका अनुभवी हाताखाली आहे, तर चूक होईलच कशी?

तू गेलीस तेव्हापासून हे सुरू झालंय, असं शेजारीण म्हणते. तिला काय, जिभेला हाड नाही.

तुझी,
ताई


२ मार्च

धाकटे,

उत्तर नाही. बरोबर आहे, मी प्रश्नच विचारला नव्हता. पण काही माणसं न विचारताही उत्तर देतात. उदाहरणार्थ तुझे पोस्टमास्तर. मी त्यांना कधी विचारलं होतं, की पँटचं काय करू? तरी दर आठवड्याला हजर. एकच राखाडी पँट. आधी आखूड करा, मग लांब करा, मग कमरेत घ्या, मग सोडा. मला वाटलं, या गृहस्थाच्या पायांना काही रोग आहे, बिचाऱ्याचे कमीजास्त होतात. तू दर वेळी "बघते हं" म्हणून पँट घ्यायचीस आणि मी टेबलाशी उभी राहून त्यांची कीव करायचे. माझ्या नाकाखाली, माझ्या दुकानात, माझ्याच दोऱ्यानं तुमचं जमत होतं! छप्पन्नाव्या वर्षी माणूस चष्म्याचा नंबर वाढवतो, तू नवरा आणलास.

पुन्हा विषय तिकडे गेला. मी स्टँडबद्दल लिहायला बसले होते.

पाय झाले. रंधा मारून मारून चारही पाय वर जाड, खाली निमुळते केले. हाताला फोड आले, पण पाय बघशील तर बघत राहशील. फोटोत ते बाहेर तिरके फाकलेले आहेत, म्हणून तिरकस ठोकळ्याचं एक कटिंग काढलं आणि त्यावरून चार ठोकळे कापले. गोंद लावला, स्क्रू मारले, रात्रभर वाळू दिलं. सकाळी सुतार आला, दारातच थांबला, स्टँडकडे बघितलं आणि विचारलं, "मावशी, हा कुठं निघालाय?"

मी चष्मा लावून बघितलं. चारही पाय एकाच दिशेला तिरके! वारा सुटल्यावर माणसं चालतात तसा तो स्टँड दाराकडे तोंड करून चालायला लागला होता. एक कटिंग काढलं आणि ते उलटवायला विसरले. तुला आठवतं, तू नवीन असताना एका कोटाला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या होत्यास? त्यावर मी तुला किती वर्षं बोलून दाखवलं? पुष्कळ वर्षं. परवा दुकानात एकटीच होते, म्हणून बरं. म्हणजे सुतार होता. पण तो हसला नाही, त्यानं नुसती पेन्सिल कानावरून काढून पुन्हा कानावर ठेवली. मला हसू आलं. हसताना मी सवयीनं टेबलाच्या तुझ्या बाजूला बघितलं.

पाय सोडवून पुन्हा लावले. आता दोन इकडे, दोन तिकडे, नीट उभा आहे. जायचं नाव काढत नाही.

ताई

ता. क. तुझा खोकला गेलाय का, हे मला शेजारणीकडून कळतं, तेव्हा तू कळवायची तसदी घेऊ नकोस. पण शेजारीण सध्या भाचीकडे जात नाही.


१८ मार्च

धाकटे,

आनंदाची बातमी. गाव पुन्हा अंगानं भरलं! गेल्या पंधरवड्यात शिवलेला एकही कपडा सैल नाही. बेकरीवाल्याचा दुसरा कोट बटनं लावल्यावर असा बसला, की तो आरशासमोरून हलेना. "आता जमलं तुम्हाला," असं मलाच ऐकवून गेला. मला जमलं! त्याचं पोट जागेवर आलं, ते राहिलं बाजूला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते असं. फक्त कोट कापताना अर्ध्या टेबलावर फार अडचण झाली, कापड दोन्हीकडून लोंबत होतं.

अर्ध्या असं लिहून गेले खरं. आता खोडलं तर शाई पसरेल आणि तुला वाटेल आणखी काहीतरी वाईट आहे.

तर ऐक. ते सागवान कुठं पडून नव्हतं. कटिंगच्या टेबलाची तुझ्या बाजूची फळी आहे ती. तुझ्या बाजूची, पितळी पट्टीवाली. मी आणि सुतारानं मिळून कापली. पट्टी काढून खिळ्याला टांगून ठेवलीय. हल्ली मी कापडही गळ्यातल्या टेपनंच मोजून कापते, काही अडत नाही. ती बाजू नुसती रिकामी पडून असायची. मी इकडून खडू सरकवला की तिकडे कोणी धरायला नाही, खडू खाली पडून फुटायचा. रोज एक खडू. म्हटलं, नको ती बाजू डोळ्यांसमोर. दुपारी दुकानही बंद ठेवते. गिऱ्हाइकं येतात, पण त्यांच्याशी बोलायला तू लागायचीस. मी बोलले की ती जातात.

हे सगळं लिहायचं नव्हतं, पण शाई महाग नाही म्हणून लिहिलं.

आता मुद्दा. पक्कं ठोकण्याआधी ट्रायल हवी. ट्रायलशिवाय मी कधी कपडा दिलेला नाही, तर स्टँड कसा देईन? प्लेअर तर तुझ्याकडे. म्हणून वरच्या खणाच्या मापाचा एक पुठ्ठा कापून या पत्रासोबत पाठवतेय, सतरा बाय चौदा, तंतोतंत. त्यावर प्लेअर ठेवून बघ आणि कळव. यात चूक निघायची नाही, पण पद्धत ती पद्धत.

तुझी,
ताई


२४ मार्च

ताई,
पुठ्ठा दोन्हीकडून एक इंच कमी. नेहमीप्रमाणे.
धाकटी


२७ मार्च

धाकटे,

नेहमीप्रमाणे?

नेहमीप्रमाणे म्हणजे काय, गं? मी जन्मात कधी एक इंच चुकलेय? मी दोन बोटांनी चिमटीत कापड धरून सांगते, कंबर किती आहे ती! सतरा म्हटलंस, सतरा कापलं. चौदा म्हटलंस, चौदा कापलं. प्लेअर काही माणूस नाही लग्नानंतर अंगानं सुटायला.

मला दाट संशय आहे, तू तिथं बसून मुद्दाम खुसपट काढतेयस. किंवा माप तुझ्या पोस्टमास्तरांनी घेतलं असणार. ज्यांना स्वतःच्या पायांची लांबी कधी नक्की सांगता आली नाही, त्यांनी बाबांचा प्लेअर मोजला!

मी आत्ताच्या आत्ता त्या पुठ्ठ्याचा जोडीदार घेऊन सुताराकडे जातेय. एकदम दोन कापले होते, दुसरा माझ्याकडे आहे. त्याच्या लोखंडी टेपनं, त्याच्या हातानं, चार माणसांसमोर मोजून घेते आणि तो आकडा तुला कळवते. मग तू माझी माफी माग. पत्रानं चालेल, पण या वेळी पूर्ण वाक्यात.

ताई


२८ मार्च

धाकटे,

सोळा बाय तेरा.

सुतारानं मोजलं. मी म्हटलं, तुझी टेप खोटी. त्यानं माझ्या गळ्यातली टेप मागितली, आपल्या टेपशेजारी ठेवली आणि टोकाकडे बोट दाखवलं. "मावशी, तुमची टेप एकापासून सुरू होते." टोकाला पितळेचं टोपण आहे, आणि टोपणाला चिकटून लगेच एकचा आकडा. पहिला इंच नाहीच! टेप इतकी वर्षं माझ्या गळ्यात आणि मी कधी तिचं टोक बघितलं नाही. माप घेताना मी टोक बोटाखाली दाबते आणि बघते ते दुसरीकडे, आकडा येतो तिथं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सुताराच्या दुकानात चार माणसं होती, मीच नेली होती साक्षीला.

मी घरी आले आणि स्टुलावर बसून हिशोब लावला. छत्तिसाची छाती मी सदतीस म्हणून ओरडायचे. तू "हं" म्हणायचीस आणि वहीत लिहायचीस छत्तीस. मी कधी वहीत बघितलंच नाही. मी मालकीण, मी ओरडायचे, लिहिणं धाकटीचं काम. तू टेबलाच्या पितळी पट्टीवर छत्तीस कापायचीस, कपडा बसायचा आणि गिऱ्हाईक मला म्हणायचं, "तुमचा हात म्हणजे हात!" मी मान डोलवायचे. तू गेलीस. सदतीस ते सदतीसच राहिले आणि मी ते पट्टीवर सदतीसच कापले. गाव रोडावलं नव्हतं, माझ्याकडे वजा करणारं कोणी नव्हतं. पट्टी काढली तेव्हा मोजणं आणि कापणं दोन्ही एकाच खोट्या टेपनं व्हायला लागलं, म्हणून कोट बसला. मी त्या बेकरीवाल्याला जेवण जातंय का विचारलं!

तू दिवसभर, प्रत्येक मापाला, वर्षानुवर्षं एक इंच वजा करत होतीस आणि एकदाही बोलली नाहीस. का बोलली नाहीस हे मला कळतं. मी कसं ऐकून घेतलं असतं, तेही कळतं.

स्टँडचं करायचं ते केलं. टेबलाच्या उरलेल्या अर्ध्यातून, माझ्या बाजूच्या फळीतून, एक इंचाच्या पट्ट्या काढल्या आणि खणाला एक बाजूनं, एक मागून जोडल्या. सुताराच्या टेपनं मोजून. रंग थोडा वेगळा आहे, तुझ्या बाजूला ऊन यायचं. जोड दिसतो. पॉलिशनं झाकतो म्हणाला, मी नको म्हटलं.

आता एक शेवटचं, आणि हे मला सुतारकामाहून जड जातंय. तू निघालीस तेव्हा मी दारात उभी राहून म्हणाले होते, "बाहेर गेलीस तर परत येऊ नकोस." तू प्लेअर उचललास आणि गेलीस. मला पोस्टमास्तरांचा राग नव्हता, बरे आहेत गृहस्थ, पँट मात्र एकच आहे. मला भीती वाटली. आई गेली, बाबा गेले, मग आपण दोघीच. आणि आता मी एकटी राहणार, म्हातारी होणार, आणि आकडा ओरडला तरी पलीकडून "हं" यायचं नाही. भीती वाटली की मी ओरडते, तुला माहीतच आहे. ते वाक्य मी परत घेते. ये, गं. त्यांनाही आण. मला तुझी फार आठवण येते.

ताई


४ एप्रिल

ताई,

टेबल कापलंस? टेबल? कोणाला विचारून? माझी बाजू म्हणतेस ना, मग माझ्या बाजूला करवत लावताना मला एक कार्ड टाकता आलं नाही? त्या फळीवर मी अर्धं आयुष्य वाकून उभी राहिले. माझ्या कोपरांनी तिला खळगे पडले होते, ते कुठं गेले? स्टँडच्या कुठल्या अंगाला लावलेस? आणि रोज खडू फोडायचीस म्हणे! खडू हळू सरकवायचा असतो हे तुला मी हजारदा सांगितलंय, पण तुझं म्हणजे सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

मला आधीच्या पत्रांना उत्तर द्यायचं होतं. रोज लिहायचे आणि फाडायचे. काय लिहू? "परत येऊ नकोस" म्हटलेल्या माणसानं मजेत आहे लिहावं की रडतेय लिहावं? तू आकडे मागितलेस, आकडे पाठवले. पण पुठ्ठा बघितला आणि राहवेना. हे म्हणाले, "नेहमीप्रमाणे असं लिहू नका, त्या चिडतील." मी म्हटलं, चिडू देत, चिडल्याशिवाय ती काही बघत नाही.

टेप माझ्या हातून इस्त्रीखाली जळली होती. तू जेवायला गेली होतीस. मी जळका इंच कापला, पितळेचं टोपण पुन्हा ठोकलं आणि म्हटलं, आज हिचं डोकं तापलेलं आहे, उद्या सांगू. उद्याही तापलेलंच होतं. मग सवय झाली. पहिला महिनाभर मला रात्री झोपेतसुद्धा आकडे वजा व्हायचे. नवी टेप तीनदा आणली तुझ्यासाठी. तिन्ही वेळा तू म्हणालीस, माझी चांगली आहे, पैसे उधळू नकोस. आता माझी काय चूक ते सांग!

आणि यांच्या पँटवरून बोलू नकोस. पँट एक होती कारण दुसरी आणली असती तर दोन आठवड्यांचं काम एका आठवड्यात झालं असतं.

आता खरं ऐक, हुशार बाई. प्लेअर मी का नेला असं तुला वाटतं? मला काय करायचाय तो? रेकॉर्डी सगळ्या तुझ्याकडे. यांच्याकडे एकच रेकॉर्ड निघाली, परेडच्या बँडची. आम्ही दोघं रोज संध्याकाळी ती लावतो आणि यांना चहा आणायचा असला तरी हे परेडसारखे पाय उचलून चालत येतात. कंटाळा आलाय मला परेडचा. त्या दिवशी तू ते वाक्य बोललीस, तेव्हा मी तिथंच उभी राहून विचार केला. ही माझ्या मागे यायची नाही, हिचा मान जाईल. पण बाबांच्या वस्तूच्या मागे ही येईल. तणतणत येईल, पुढच्याच बसनं येईल. म्हणून उचलला. एवढं जड धूड मांडीवर घेऊन मी बसमध्ये बसले आणि माझा नवा नवरा लग्नाच्या दिवशी मागच्या सीटवर. सुटकेसवर मुद्दाम ठेवला आणि शेजारीण आली तेव्हा वर चहाचा कपही मीच ठेवला. ती जाऊन सांगणार, हे काय मला माहीत नव्हतं? रोज बस यायच्या वेळेला मी खिडकीत असते, ताई. चार महिने. आणि तू काय केलंस? भांडायला यायचं सोडून, त्या प्लेअरला तिकडे बसून स्टँड करत होतीस!

तू मला ये म्हणतेस. येईन, माझंच घर आहे, मला कोण अडवतंय? पण आधी तू यायचं. शनिवारच्या सकाळच्या बसनं ये. स्टँड आण, रेकॉर्डी आण, उरलेलं टेबल राहू दे तिथं, त्याला हात लावलास तर बघ. हे थांब्यावर हातगाडी घेऊन उभे राहतील. त्यांना मी सांगून ठेवलंय, ती दारातून आत आली की पहिला तासभर स्वयंपाकघरात बसायचं आणि आमचा आवाज कितीही चढला तरी मध्ये पडायचं नाही.

तुझीच,
धाकटी